तिसरीच्या पुस्तकातला ऊस

माझ्या बहिणीशी मी शेवटचं जे बोलले, ते खोटं होतं.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. खोटं काल पकडलं गेलं. पकडणारी चौथीत आहे.

सांगते.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. म्हणजे माझं अख्खं शालेय जीवन कोणीतरी आधीच वापरून ठेवलेलं होतं.
दप्तर तिचं. कंपास तिचा. रेनकोट तिचा, बाही माझ्या बोटांच्या पुढे वीतभर.
लेबलवर तिचं नाव खोडलेलं, खाली माझं.

नवीन मागितलं की आई म्हणायची, "फाटलं का? मंग कायले पायजे?"
या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही.

पुस्तकं मात्र ताई स्वतः तयार करून द्यायची. आम्ही पुस्तकातच पेन्सिलीनं उत्तरं लिहायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती ओट्यावर बसून एकेक उत्तर खोडायची आणि खोडरबराचा चुरा फू करून माझ्या अंगावर उडवायची.

तिसरीच्या पुस्तकात तिनं एकच उत्तर ठेवलं.
आपल्या जिल्ह्याचं मुख्य पीक कोणतं?
ऊस.

मी ते तसंच वहीत छापलं. डोळे मिटून.

गुरुजींनी माझी वही सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. "ऊस? आपल्या नेरात? कोनाच्या वावरात पाहून आली वो?"
शाळेच्या चारही बाजूंना कापूस. वर्षभर माझं नाव ऊसवाली.

घरी येऊन मी ताईची वेणी धरली. "काहून खोडलं नाही तू?"
"तू वाचते का नुसतं छापून राह्यली, ते पाहाले."
वरून म्हणते, "अन् आपल्याच जिल्ह्यात उमरखेडकडे होते ना ऊस. खोटं थोडी हाय!"

त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या लेकराच्या वस्तूवर दुसऱ्या कोणाचं नाव नसेल.

ठरवणं सोपं होतं.
पण ताईची मुलगी माझ्या आर्याच्या एक वर्ष पुढे निघाली.

मग दर जूनला नेरहून यवतमाळला एसटीनं, कोणा ओळखीच्याच्या हाती, एक खोकं यायचं. भाचीची पुस्तकं, अर्ध्या कोऱ्या वह्या सुतळीनं बांधलेल्या, धुतलेलं दप्तर.
इकडे आर्याच्या शाळेची यादी. सगळं नवीन, सगळं शाळेतूनच. मागची वही अर्धी कोरी असली तरी चालत नाही, कारण यंदा लोगो डावीकडे सरकलेला असतो.

शाळेला नाही म्हणायची हिंमत नव्हती. ताईला तर त्याहून नव्हती.
म्हणून मी दोघींना हो म्हणायची.
शाळेचा सेट टेबलावर. ताईचं खोकं दिवाणात.

त्याच दिवाणावर मी झोपते. कितीतरी वर्षं.

मागच्या जूनमध्ये मी इथेच पोस्ट टाकली होती. तुम्हाला आठवत असेल.
"आमच्याकडे दरवर्षी पुरातत्त्व खात्याचं पार्सल येतं. यंदा इयत्ता तिसरीचे अवशेष सापडले आहेत. शार्पनर बहुधा ताम्रयुगीन."
तुम्ही खूप हसलात. मलाही मी फार आवडले.

ताईनं अंगठा दिला. खाली एक शब्द लिहिला.
"आगाऊ."

तीन दिवसांनी तिचा फोन आला.
"खोकं उघडलं का वो?"
"हो ताई."
"पुस्तकं पाह्यली?"
"पाह्यली ना. मस्त आहेत. आर्या तीच वापरून राह्यली."
"सगळी? नीट पाह्यली?"
"सगळी, ताई."

मी वाट पाहत होते, आता पोस्टवरून झापते म्हणून.
"बरं," एवढंच म्हणाली. "जेवली का तू?"

त्याच आठवड्यात ती गेली. हार्ट. जिजाजी म्हणाले, चहा ठेवत होती.

मला वर्षभर वाटत राहिलं, ती रागावून गेली. त्या "बरं"मध्ये राग होता.

काल मी चौथीच्या सेटला कव्हरं घालत होते. नवीन पुस्तकं, नवीन लेबलं, माझ्याच अक्षरात आर्याचं नाव. आर्या रेनकोट शोधायला दिवाणात शिरली आणि मागच्या वर्षीचं खोकं घेऊन बाहेर आली. सुतळी तशीच होती. तिनं दातांनी तोडली.

पाच मिनिटांनी हाक आली.
"आई, मावशीनं सगळं खोडलं, पण एक चुकीचं उत्तर तसंच ठेवलं."
"काय?"
"आपल्या जिल्ह्याचं मुख्य पीक ऊस. हे तर कोणालाही कळते!"

मी पुस्तक हातात घेतलं.
भाचीचं उत्तर खोडलेलं होतं. खाली "कापूस" पुसट दिसत होतं.
वर "ऊस" ताईच्या अक्षरात होतं.

म्हणजे ती रागावली नव्हती. मी भांडायला फोन करेन, म्हणून थांबली होती. माझा फोन आला नाही, तेव्हा तिनं स्वतः केला. आणि मी म्हटलं, सगळी नीट पाह्यली.
तिला तेव्हाच कळलं असणार. चोरी पकडायची तिची पद्धत तीच होती. फक्त या वेळी तिनं ते वर्गापर्यंत जाऊ दिलं नाही. जेवली का, विचारलं.

आता ते पुस्तक कोणाच्याच कामाचं नाही. आर्या चौथीत गेली. शाळेत चालत नाही, रद्दीत टाकता येत नाही, कोणाला द्यायची माझी तयारी नाही.
ती पोस्ट डिलीट करायला काल दोनदा बोट नेलं. पण तिचा अंगठा तिथेच आहे. आणि तो एक शब्द.

आर्या खोडरबर घेऊन आली. "खोडू का?"
मी तिच्यावर ओरडले. तिला कळलं नाही, काहून ते.

ताई, खोकं उघडलं. काल.
ऊस काहून खोडला नाही तू?

तुझी आगाऊ