तारांगणाच्या दारावरची मावशी

आमच्या तारांगणाच्या दारावर तिकिटं फाडते ती मावशी. माझी कोणी नाही, सगळ्यांचीच मावशी. मी आत प्रोजेक्टर चालवतो. दिवसभर आम्हा दोघांच्या कानावर तीच ती ध्वनिफीत: सूर्य सोडला तर सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाशही इथे पोहोचायला सव्वाचार वर्षं घेतो, बाकीच्या कित्येकांचा तर शेकडो. तुम्ही पाहताय तो तारा आज तिथे असेलच असं नाही. मला त्याचं काही वाटत नाही. मावशीने मात्र ते मनाला लावून घेतलंय. कोणी खुशाली सांगितली की तिचा पहिला प्रश्न, "ही कधीची?" दूध ताजं आहे का विचारावं तसा.

त्या दिवशी तिची लेक दूरच्या शहरात दवाखान्यात होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या. मावशीची गाडी संध्याकाळची. घरी बसून जीव टांगणीला लागेल म्हणून ती कामावर आली. सकाळी लेकीचा मेसेज आला होता, "मी बरी आहे. आत नेतायत." त्यानंतर जावई फोन उचलेना.

"अहो, बरी आहे म्हणून तिनेच कळवलंय ना?" मी म्हणालो.

"ते सकाळचं. आत्ताचं काय?"

"काही वाईट असतं तर कळलं नसतं का?"

"तेही यायला वेळ लागतोच की."

वेळ लागतो म्हणे, डोंबल! एरवी मी तिला झापलं असतं. पण तिच्या हातून तिकिटं वेडीवाकडी फाटत होती. एका गृहस्थाला तर तिने दोन्ही तुकडे परत दिले.

"मावशी, डोळ्यांना दिसणारे बहुतेक सगळे तारे अजून जागच्या जागी आहेत. फितीत उगाच भीती घालतात."

"बहुतेक," ती म्हणाली.

शाळेच्या पोरांची रांग दारापर्यंत आली, तेवढ्यात फोन वाजला. तिकिटांचा गठ्ठा माझ्या हातात कोंबून ती पायरीवर बसली. मी चरफडत तिकिटं फाडू लागलो. तिला फोनचा आवाज कमी करता येत नाही, त्यामुळे अख्ख्या रांगेला ऐकू गेलं.

"आई, मुलगी झाली." लेकीचाच आवाज, दमलेला. "बाळाला जरा काचेच्या पेटीत ठेवलंय, पण डॉक्टर म्हणतात..." आणि ती थांबली.

मावशीने नातीचं काही विचारलंच नाही.

"तू बोलत राहा," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही बोल. फक्त थांबू नकोस."