हजेरीची वही

"बूट काढ. फोटोपुरते दे त्याला."

सर हे बोलले तेव्हा मी पहिल्या रांगेत, उजव्या कडेला उभा होतो. आमच्या धाराशिवच्या कॉलेजची छात्रसेनेची तुकडी विद्यापीठाच्या कवायत स्पर्धेत पहिली आली होती. तुकडी चालवली मी. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या उगवला तो थेट फोटोच्या दिवशी, पायात चपला घालून. सकाळच्या परेडला वर्षभर फिरकला नव्हता. सरांनी माझी जागा त्याला दिली. बूटही. कॉलेजनं दिलेले, पण रोज घासून मी चमकवलेले.

मी फोटोग्राफरच्या मागं अनवाणी उभा राहिलो, त्याच्या चपला हातात धरून. सर म्हणाले, "मेंढरांमागं हिंडणाऱ्याला कशाला लागतात बूट?" सगळी तुकडी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

आता माझा शेळ्यामेंढ्यांचा व्यापार आहे. स्वतः उभा केलेला. तोंड तिखट, म्हणून लोक जपून बोलतात. मागच्या बाजाराच्या दिवशी तेच सर माझ्या शेळ्यांपाशी येऊन उभे राहिले. निवृत्त झालेत, ऐट तशीच. लेंड्या चुकवत पाय टाकत होते. विद्यापीठातल्या लष्करी शिक्षणाचा इतिहास लिहिताहेत म्हणे. कॉलेजातले जुने कागद वाळवीनं खाल्ले. तेव्हा यांना मी आठवलो. अक्षर चांगलं म्हणून परेडच्या हजेरीची वही मी लिहायचो, सर न वाचता खाली सही ठोकायचे. पुढं कॉलेजनं ती रद्दीत टाकली. मी उचलून आणली.

त्यांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवलं. तोच फोटो. खाली छापलेलं, तुकडीप्रमुख म्हणून पुतण्याचं नाव. आज तोच संस्थेचा अध्यक्ष आहे.

"ती वही द्या तुम्ही," सर म्हणाले. गरज पडली की यांना अहोजाहो जमतं.

"देतो. फोटोखाली खरं छापा. तुकडी कुणी चालवली, बूट कुणाचे."

"अरे, इतिहासात बुटांचं कोण लिहितं?"

"मग वर्षभर त्यात पाय कुणाचे व्हते, ते लिहा."

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज उतरवला. "आभाराच्या पानावर तुझं नाव टाकतो. पण अध्यक्षांच्या गैरहजेरीची पानं... ती आपल्यातच राहू दे."

आमच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला कळू द्यायचा नाही. सरांचा उतरलेला आवाज ऐकला आणि उमगलं. फोटोच्या दिवशी मी हसलो, तोही असलाच सौदा होता. मला तुकडीत राहू द्या, मी गप्प बसतो.

खांद्यावरचा रुमाल काढून मी त्यांच्या पुढ्यात झटकला. आजूबाजूच्या व्यापाऱ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "सर, ह्यो सौदा रुमालाखाली व्हनार न्हाय."

"अजून रानटीच आहेस तू."

"व्हय. आन् वहीवर सही तुमची हाय."

पुस्तकाचं प्रकाशन कॉलेजच्या सभागृहात आहे. मला निमंत्रण नाही. लागतही नाही. बूट घालून जाणार आहे. माईक देवोत न देवोत, वही उघडून हजेरी घेणार आहे. नाव एकच, अध्यक्षांचं. तारीख वाचीन, गैरहजर म्हणीन, खाली सही कुणाची ते सांगीन. मग पुढची तारीख. वर्ष संपेपर्यंत खाली बसणार नाही.