तामन सारीचा भुयारी जिना

ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात गुरुनाथकाकांचा स्लाइड शो असला की लोक चहा आधीच पिऊन घेतात, कारण काका मध्यंतर देत नाहीत. तिथंच त्यांचा जन्म पाणीपुरवठ्याचे पाइप टाकण्यात गेला. त्यामुळे कुठल्याही देशात गेले तरी आधी नळ बघणार, मग राजवाडा. वेळेच्या बाबतीत तर एसटी स्टँडवरचा कंट्रोलर परवडला.

त्या रविवारी विषय होता इंडोनेशियातलं जावा बेट. मंडळाची सहल काही वर्षांपूर्वी तिथं गेली होती, सोबत खास पुण्याहून नेलेला आचारी. टाइमकीपर अर्थातच काका. तेव्हा शैलजाकाकूही होत्या. मागच्या हिवाळ्यात त्या वारल्या, आणि त्यानंतर काका पहिल्यांदाच माइक हातात घेत होते.

पडद्यावर तामन सारी आली. योग्यकर्ता शहरातल्या सुलतानाची जुनी जलबाग. हिरवंनिळं पाणी, कमानी, कुंड्या.

"राण्या इथं आंघोळ करायच्या आणि सुलतान त्या मनोऱ्यातून बघायचा म्हणतात," काका म्हणाले.

"आणि काका, तुम्ही?" मागून शंतनूनं विचारलं.

"मी पाणी कुठून येतं ते बघत होतो."

हॉल हसला. काकाही थोडं हसले. मग पुढची स्लाइड आली आणि ते थांबले.

एका भुयाराच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, मान मागं वळवलेली.

"आत काय आहे, काका?" पहिल्या रांगेतल्या रेणूनं विचारलं.

काकांना सांगता आलं असतं. गेले कित्येक महिने ते इंटरनेटवर तेच बघत होते. आत जमिनीखाली गोल इमारत आहे, मधोमध जिने एकमेकांना भेटतात, वर उघडं आकाश. कुठल्या दिशेनं ऊन येतं तेही आता त्यांना पाठ होतं. एवढं सगळं सांगितलं असतं, तर कुणाला शंकाही आली नसती.

"मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "हिला जायचं होतं. म्हणाली, दहा मिनिटं द्या. मी म्हटलं, बस सुटेल, तिकडं पानं मांडलीत."

"अहो, पण आमटी काय झाली होती त्या दिवशी!" सहलीला आलेले शशिकांत उत्साहानं म्हणाले. "आठवतंय ना, गुरुनाथराव?"

काकांनी आठवून पाहिलं. आमटी अजिबात आठवेना. बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या होत्या आणि चिडल्यासुद्धा नव्हत्या, एवढंच आठवलं. चिडल्या असत्या, तर कदाचित ते उतरलेही असते.

"ती एकटी गेली असती की," काका म्हणाले. "माझ्यासाठी थांबली."

लॅपटॉपपाशी बसलेल्या सौमित्रनं सभ्यपणानं पुढची स्लाइड लावली. लांबलचक टेबल, पत्रावळी, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत.

"मागं घे," काका म्हणाले.

"काका, अजून बोरोबुदूरचा स्तूप राहिलाय."

"राहू दे तो."

सौमित्रनं स्लाइड मागं घेतली. काकांनी माइक टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि हॉलकडे पाठ करून पडद्यासमोर बसले.