दुबईचे बूट आणि पोलादपूरची मिसळ

आमच्या जॉइंट खात्यातून कोणीतरी दुबईत बूट घेतले, आणि घरातला पहिला संशयित मी ठरलो.

"अहो, पाय दाखवा बघू," उज्ज्वला म्हणाली. मी दाखवले. "तीच जुनी चप्पल. म्हणजे तुम्ही नाही."

उज्ज्वला माझी बायको. ती पोलादपूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, मी महाडच्या शाळेत गणित शिकवतो. (पुढचं वाचताना हे कृपया विसरा.) मोबाईलवर बँकेचं स्टेटमेंट आलं की मी फक्त शेवटची शिल्लक बघतो आणि सुस्कारा सोडतो. ती मात्र पेशंटचा चार्ट वाचावा तसं एकेका ओळीवर बोट ठेवून वाचते. त्या संध्याकाळी तिचं बोट दोन ओळींवर थांबलं. दुबईतलं बुटांचं दुकान आणि तिथलंच एक हॉटेल! लेकीच्या हॉस्टेलची फी भरायला ठेवलेले पैसे होते ते.

मी तडक उठलो आणि घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. (चोर दुबईत होता, तरीही!) तेवढ्यात उज्ज्वलाने बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक लिहून घेतला आणि सायबर पोलिसांकडेही तक्रार नोंदवली. माझी शेवटची खिडकी अजून लागत नव्हती.

मग मी चष्मा चढवून स्टेटमेंट हातात घेतलं, आणि मला जिकडेतिकडे चोर दिसायला लागले.

"हे बघ, इथेही पैसे गेलेत!"

"ते विजेचं बिल आहे."

"आणि हे कमलाकर एंटरप्रायझेस? ऐकलंयस कधी नाव? टोळी आहे ही, टोळी!"

तिने तारीख पाहिली. "या दिवशी तुम्ही मला घ्यायला पोलादपूरला आला होतात. उद्या सकाळी तिथे विचारू, मग बँकेत जाऊ. आपलाच खर्च चोरीचा म्हणून लिहिला, तर खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

सकाळी ती मला पोलादपूर स्टँडजवळच्या, मी तिची वाट बघत बसतो त्या हॉटेलात घेऊन गेली. मी गुप्तहेराच्या चालीने गल्ल्यापाशी गेलो आणि दरडावून विचारलं, "कमलाकर कोण?"

"माझा सासरा," मालक म्हणाला. "का वो गुरुजी? कार्डाचं मशीन त्याच्याच नावावर हाय. त्या दिशी तुमी दोन प्लेट मिसळ खाल्लीत, वर भजी बांधून नेलीत, आठवत नाय? वहिनी, घरी जाईस्तोवर गरम व्हती ना भजी?"

वहिनींनी ती भजी जन्मात पाहिली नव्हती. डॉक्टरांनी मला तेलकट बंद केलंय, हे मात्र त्यांना पाठ होतं.

"हा खर्च खरा आहे," उज्ज्वला शांतपणे म्हणाली. "याचं घरी बघू."

बँकेतल्या मॅडमनी अर्जाकडे न बघताच निकाल दिला, "ओटीपी सांगितला असणार कोणाला तरी. मग बँक काही करू शकत नाही."

"ओटीपी आलाच नाही, हे मेसेज तपासा. दुबई राहू द्या, आमच्या दोघांकडे पासपोर्टसुद्धा नाही. हा कार्ड बंद केल्याचा क्रमांक, ही सायबरची तक्रार, हा अर्ज. शिक्का मारून पोच द्या."

"साहेब जेवायला गेलेत. उद्या या."

"जेवू देत सावकाश. मी बसते."

आणि ती बसली! आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. मी वर्गात ओरडून घसा बसवतो आणि मागचा बाक तरीही गप्पा मारतो. इथे ही नुसती बसली, तर मॅडमनी पंखा तिच्याकडे वळवला. मला इतका अभिमान वाटला, की आपणही काहीतरी करून दाखवावं असं वाटायला लागलं.

मी उभा राहून गरजलो, "मॅडम, आमचा पिन आमच्याशिवाय कोणाला माहीत असणार? आमचा पिन म्हणजे आमच्या लग्नाचं साल!"

सगळी रांग वळून बघायला लागली. "कंचं साल, गुरुजी?" एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं.

आणि मी सांगितलं! (शिक्षकाला प्रश्न विचारला की तोंडातून उत्तर येतंच.)

"ते कार्ड कालच बंद केलंय, बाबा," उज्ज्वला मागे न बघता म्हणाली.

साहेब आले, त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "ताई, इतका नीट अर्ज आमच्याकडे कधी आला नाही." शिक्का बसला. घरी जाता जाता तिने फोनवरून हॉस्टेलकडून फीसाठी मुदतही मिळवली.

त्यानंतर मी फार सावध झालो. काही आठवड्यांनी बिरवाडीच्या बाजारात असताना फोन आला. "सर, बँकेतून बोलतोय. तुमची रक्कम परत..."

"चोरा! मास्तरला फसवतोस?" माझ्या आवाजाने भाजीवालीच्या हातातला तराजू हलला. मी तो नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून फोन आला, तोही ब्लॉक केला. घरी येऊन मी हा पराक्रम रंगवून सांगितला. उज्ज्वलाने तो पूर्ण ऐकून घेतला, मोबाईल उघडला आणि शिल्लक दाखवली. सगळे पैसे परत आले होते. मी झापलं होतं ते खुद्द साहेबांना!

दुसऱ्या दिवशी ती माझ्या वतीने माफी मागून आली. आता बँकेत आमच्या खात्यावर तिचाच नंबर आहे. माझ्या नावापुढे साहेबांनी शेरा मारलाय, "यांना कळवू नये."