फाट्यावर शून्य

मी जे काम करतो त्याचं नाव एका दमात घेता येत नाही. सोलापूर जिल्ह्यासाठी एकात्मिक आणि शाश्वत सार्वजनिक वाहतुकीचा आराखडा. घरी कुणी विचारलं तर मी सांगतो, गाड्यांचं वेळापत्रक करतो. आक्का तिच्या गावात सांगते, "माझा तम्मा गाड्या सोडतो." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमच्या घरात भांडण मराठीत आणि लाड कानडीत अशी वाटणी होती, आणि आई गेल्यापासून लाड करायला आक्काच उरली.

काम चांगलं आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की आराखड्यावर माझा राग आहे. मोठ्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या गाड्या, खेड्यांतून माणसांना तालुक्यापर्यंत आणून सोडणाऱ्या छोट्या गाड्या, आणि बस, सिटीबस, रेल्वे अशा सगळ्यांना मिळून एकच तिकीट. रेल्वे आली की बाहेर बस उभी पाहिजे, ही साधी गोष्ट. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घातलेल्या कुणालाही हे पटेल. मलाही पटलं होतं. नकाशावर रेघा ओढताना मी डबा खायचा विसरायचो.

सगळ्यात आधी मोजणी झाली. कुठल्या थांब्यावर किती माणसं गाडीत चढली आणि किती उतरली, एवढंच फॉर्मात लिहायचं. आत बसलेल्यांकडे बघायचं नाही, कारण ती मागच्या थांब्यावर चढलेली असणार आणि तिथे मोजली गेलेली असणार. साहेबांनी हे आम्हाला दोनदा बजावलं होतं. मी अक्कलकोटच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीलगतचे थांबे मागून घेतले. आक्काचं सासर तिकडेच आहे. मोजणीही होईल आणि तिच्या हातची कडक भाकरी नि शेंगाची चटणीही मिळेल, असा माझा बेत.

आक्काच्या गावाला रोज एक लाल गाडी मुक्कामाला असते. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपतात आणि पहाटे पाचला गाडी सोलापूरला निघते. शाळा गावाच्या मधोमध. फाटा तिथून लांब, चालत गेलं तर दम लागेल इतका. पण पत्र्याची शेड आणि गावाच्या नावाची पाटी फाट्यावर असल्यामुळे आमच्या यादीत गावाचा थांबा म्हणून फाटाच लिहिला होता. मी तिथे कानाला मफलर गुंडाळून, मांडीवर फॉर्म घेऊन बसलो.

आता, फाट्यावर पहाटेच्या गाडीला कुणी येत नाही हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गाव शाळेपाशीच चढतं. ड्रायव्हर इंजिन चालू करून ठेवतो, त्या आवाजावर घरोघरी दिवे लागतात, आणि रोजची माणसं आल्याशिवाय गाडी हलत नाही. मी स्वतः कितीतरी वेळा तिथूनच चढलो होतो. तरीही मी फाट्यावर बसलो, कारण यादीत फाटा होता.

गाडी आली. वेग थोडा कमी झाला, ड्रायव्हरने मला ओळखलं, मी हातानेच पुढे जा म्हणून सांगितलं. तिसऱ्या खिडकीत आक्का होती, डोक्यावरून शाल घेतलेली. तिने हात केला. मीही करणार होतो, पण आधी वेळ लिहायची होती. घड्याळ बघितलं, मान खाली घातली आणि लिहिलं: चढले शून्य, उतरले शून्य.

आक्का त्या गाडीने हौसेने जात नव्हती. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा सोलापुरात डायलिसिस, आणि तिला मिळालेली पाळी सकाळची पहिली. दुसऱ्या पाळीसाठी नाव लिहून ठेवलंय, पण मशीन मोकळं व्हायला आधी कुणीतरी कमी व्हावं लागतं, आणि तशी वाट बघायची तिला लाज वाटते. माझ्याकडे सोलापुरात राहायला ये म्हटलं तर सासू अंथरुणाला खिळलेली. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपा उजाडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणजे उरली ती मुक्कामी गाडी.

एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि दोन दिवस रस्ता बंद होता. तिसऱ्या दिवशी तिला आणली तेव्हा चेहरा सुजून डोळे मिटल्यासारखे झाले होते. तिला आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा. दवाखान्याच्या बाकावर ती बसून होती आणि मी तिची पाठ धरून. तिच्या छातीतली घरघर माझ्या तळहाताला लागत होती. त्या दिवसापासून माझ्या मनात एक भीती घर करून आहे, आणि खरं सांगायचं तर मी मुळातच भित्रा आहे.

मोजणीनंतर काही महिन्यांनी आराखड्याचा मोठा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लागला. सगळे आपापली रेघ शोधत होते. मी अक्कलकोटच्या खाली बोट फिरवलं. आक्काच्या गावाची रेघ नव्हती. मला वाटलं चुकून दुसरा रस्ता बघतोय. पुन्हा बघितलं. गावाच्या जागी एक ठिपका होता, आणि शेजारी लिहिलं होतं: छोटी गाडी, फाट्यावरून, सकाळी आठ. मुक्कामी फेरी बंद. कारण, प्रवासी शून्य.

कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "झकास झालाय की नकाशा," आणि मी हो म्हटलं.

साहेबांना लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझी नोकरी कंत्राटावरची, दर वर्षी नव्याने सही होते, आणि आपलीच चूक आपल्या तोंडाने सांगायला जीभ रेटत नव्हती. दुपारी सगळे चहाला गेल्यावर मी बाकीची मुक्कामी गावं काढून बघितली. एका गावाला शून्य. दुसऱ्या गावाला शून्य. पलीकडच्या तालुक्यातल्या गावालाही शून्य. आम्ही सगळेच इमानदारीने पाटीखाली बसलो होतो, आणि गाड्या भरून आमच्या समोरून गेल्या होत्या. मी फाईल मिटली आणि कुणी बघितलं तर नाही ना, हे बघितलं. त्या प्रत्येक गावात कुणीतरी आक्का असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

मग मी स्वतःची समजूत घातली. हरकती मागवल्या होत्या. महिनाभर मुदत होती. गाव काय गप्प बसणार आहे? अर्ज येतील, आरडाओरडा होईल, साहेब आपणहून विचारतील, आणि माझं नाव न येता सगळं सरळ होईल. रोज सकाळी ऑफिसात गेलो की आधी हरकतींचा गठ्ठा चाळायचो. माळशिरसकडून आले. श्रीपूरच्या कारखान्याच्या लोकांनी पाळीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून लांबलचक पत्र पाठवलं. आक्काच्या गावाचा एकही अर्ज नव्हता. मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला आणि मी रविवारी तिच्याकडे गेलो.

ती चुलीपुढे बसली होती. पाय सुजलेले, पण हात चालू. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडीबद्दल गावात काही चाललंय का?"

"चाललं हुतं की," ती म्हणाली. "गाडी बंद करणार म्हनून चावडीवर सगळी अर्ज लिवाय बसली हुती. मीच गेले. म्हनलं, उगं कशाला अर्ज? माझा तम्माच करतुय की ते काम. त्यो आपली गाडी जाऊ देईल व्हय?"

"मग?"

"मग काय, उठली सगळी. तुज्या शब्दावर लई भरवसा हाय हितं." आणि तिने माझ्या ताटात भाकरी टाकली.

माझ्या शब्दावर. मी तर एक शब्दही दिला नव्हता. तेव्हाच सांगायचं होतं, तिच्यासमोर, पण तिचा चेहरा बघून मला जास्तच भीती वाटली. साहेबांची भीती निराळी होती. ही तिचा भरवसा तुटायची होती. मी चटणीला नावं ठेवली, ती हसली, आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

सोमवारी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. मी सगळं सांगितलं, फाटा, शाळा, पाटी, शून्य.

साहेबांनी फाईलमधून तो फॉर्म काढला. मग म्हणाले, "हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"लोक शाळेपाशी चढतात हे तेव्हा माहीत होतं?"

"हो साहेब."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आठवड्यात सगळी मुक्कामी गावं पुन्हा मोजा. गाडी जिथे उभी असते तिथून. पण प्रत्येक गावाला एकच दिवस मिळेल. माणसं नाही आली, तर मग माझ्याही हातात काही नाही."

त्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती. उलट वाढली. एकच दिवस. कुठे लग्न निघालं, कुठे मयत झाली, थंडीने माणसं उठली नाहीत, तर? मी आक्काचा डायलिसिसचा दिवस धरला आणि आदल्या दिवशी तिच्याकडे मुक्कामाला न जाता मुद्दाम शाळेतच राहिलो. आपणच माणसं गोळा केली असं कुणी म्हणायला नको.

पहाटे इंजिन चालू झालं. मी पायरीपाशी फॉर्म घेऊन उभा होतो. दोन कॅन घेऊन दूधवाला आला. कॉलेजच्या तीन मुली आल्या, एकमेकींच्या अंगावर झोपत. सोलापुरात शिलाईकामाला जाणाऱ्या दोघी आल्या. एक म्हातारा आला, बाजाराला. मी एकेक रेघ मारत होतो. गाडी अर्धी भरली. आक्का नव्हती.

पाच वाजले. कंडक्टरने घड्याळ बघितलं. माझ्या डोक्यात नको ते सगळं येऊन गेलं. दवाखान्यातलं ते बाक, ती घरघर. घराकडे पळावं तर मोजणी मोडते, उभं राहावं तर राहवत नाही. मी ड्रायव्हरकडे बघितलं, तर तो शांतपणे तंबाखू मळत होता.

"आक्का आल्याबिगर सोडत न्हाय," तो म्हणाला. "तिच्या दवाखान्याच्या दिशी ह्ये ठरलेलंच हाय."

ती आली. भिंतीला हात लावत, थांबत थांबत. कंडक्टर खाली उतरला. "बर्री आक्का, कूड्री," या, बसा असं कानडीत म्हणत त्याने तिला दंडाला धरून वर घेतलं आणि तिसऱ्या खिडकीशी बसवलं. मी रेघ मारली. ती घाईत शेजारच्या रेघेवर गेली. मग मीही चढलो आणि तिच्याजवळ बसलो.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मी तिला सांगितलं. सांगितल्याशिवाय आता बसवत नव्हतं.

"आक्का, त्या दिवशी फाट्यावर मी शून्य लिहिलं. त्यामुळेच गाडी बंद करायला निघाले."

"मी दिसले न्हाय व्हय तुला?"

"दिसलीस की."

तिने शाल नीट केली. खिडकीबाहेर अजून अंधारच होता.

"मी हात केला," ती म्हणाली, "तवा तू खाली बघून लिवत हुतास. मला वाटलं, मलाच लिवतुयास."

फाटा आला. शेडमध्ये कुणी नव्हतं, आणि गाडी तिथे थांबली नाही.