निळ्या पडद्यामागचा हात

माझ्या लहानपणी आमच्या घरी अब्बा कपाटात असायचे. अम्मीच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने त्यांचा फोटो चिकटवला होता, कारण जिथे नमाज पढतात तिथे आम्ही भिंतीवर फोटो लावत नाही, आणि खोली म्हणण्यासारखी आमच्याकडे ती एकच होती. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आधी कपाट उघडायची. डांबराच्या गोळ्यांचा आणि अत्तराचा वास यायचा. अब्बांचा वास तोच, असं मी धरून चालले होते.

फोटोत आम्ही तिघं होतो. मागे पांढरा बंगला, त्याच्या दोन्ही अंगांनी उतरणाऱ्या पायऱ्या, पुढे कारंजं, आणि कारंज्याभोवती रत्नागिरीच्या लाल मातीत जन्मात उगवणार नाहीत अशी फुलं. अम्मी एका बाजूला खुर्चीवर, डोक्यावरून हिरवी ओढणी घेतलेली. मध्ये मी, नव्या फ्रॉकमध्ये, भेदरलेली. माझ्यामागे काळ्या कोटातले अब्बा, आणि त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर. मनगटाला स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, करंगळीचं नख वाढवलेलं. तेव्हा बऱ्याच पुरुषांना ते एकच नख वाढवायची हौस असायची. चेहऱ्यापेक्षा मी त्या हाताकडेच जास्त बघायची. अब्बांचा चेहरा मला आठवत नव्हता. हात मात्र माझ्या खांद्यावर खरोखर पडला होता, आणि तो मला चांगला आठवत होता.

अब्बा ‘बाहेर’ होते. आमच्या खाडीकाठच्या गावात बाहेर म्हणजे आखातात. मुंबईला गेलेल्या माणसाला कुणी बाहेर गेला म्हणत नाही. मी नुकती बसायला लागले होते तेव्हा ते गेले. दोन वर्षांनी यायचे, तर मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवला. मग काम बदललं, मग आणखी काहीतरी झालं, आणि येणं लांबतच गेलं.

बाहेरचा माणूस पहिल्यांदा परत येतो तेव्हा आमच्याकडे एक कार्यक्रम होतो. त्याला नाव नाही, पण तो चुकत नाही. जीप दारात लागते, दोरखंडाने बांधलेली खोकी उतरतात, आजूबाजूची घरं कुंपणाशी गोळा होतात आणि मग सगळे गप्प होतात. कारण आता पोराला पुढे ढकलायचं असतं. “जा, तुजा अब्बा हाय.” पोर गेलं तर बायका त्याच्या आईकडे बघून हसतात. पोर किंचाळून आईच्या मागे लपलं तरी हसतातच, पण ती गोष्ट विसरत नाहीत. आमच्या शेजारच्या एका मुलाचं लग्न ठरलं तेव्हा, हा लहानपणी बापाला बघून विहिरीकडे पळाला होता, हे कुणीतरी उकरून काढलंच.

अम्मीने त्या एका गोष्टीची धास्ती घेतली होती. मी पाच वर्षांची असताना एकदा मामूंना, म्हणजे तिच्या भावाला, ‘अब्बा’ म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशी अम्मीने मला नवा फ्रॉक घातला आणि होडीने खाडी ओलांडून आम्ही रत्नागिरीला गेलो.

एस. टी. स्टँडजवळ, एका अरुंद जिन्याच्या वर स्टुडिओ होता. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो माणसाला वाटेल तिथे नेऊन उभा करतो, अशी त्याची ख्याती पार पाली गावापर्यंत पोचली होती. स्टुडिओवाल्या काकांनी अल्बममधले देखावे दाखवले. बर्फाचे डोंगर, ताजमहाल, गुलाबाच्या पाकळीत बसवलेला चेहरा. अम्मीने क्षणाचाही वेळ न लावता बंगल्यावर बोट ठेवलं. आमच्या घरामागे नव्या घराचा जोता बांधून पडला होता. अब्बांनी जायच्या आधी स्वतः चिरे रचून केलेला. आता त्याच्यावर शेवाळ धरलं होतं आणि शेजारच्या कोंबड्या बसायच्या. बंगला निवडताना अम्मीच्या मनात तो जोता असणार. मला तेव्हा नुसतं कारंजं दिसलं.

अम्मीने पर्समधून अब्बांचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो काढून दिला.

“भाभी, चेहरा आला,” काका म्हणाले, “पण धड कुठून आणू? ह्यात ते कॉलरपर्यंतच आहेत.”

“तुमच्याकडं नसतात काय?”

“कोट आहेत दोन-चार. काळा घालू?”

अम्मीने मान हलवली. मग जरा थांबून म्हणाली, “आनि एक हात पोरीच्या खांद्यावर पायजे. बाप ठेवतो तसा.”

काका विचारात पडले. कॉम्प्युटरमधल्या त्यांच्या सगळ्या कोटवाल्यांचे हात घडी घातलेले होते. शेवटी त्यांनी मला निळ्या पडद्यापुढे स्टुलावर उभं केलं आणि समोर स्टँडवर कॅमेरा लावला. “बाय, तो लाल दिवा लुकलुकेल ना, तिकडेच बघायचं. आता अब्बा येतील हं मागून.”

“मागं बघू नको गो,” अम्मी म्हणाली, “फोटो बिगडंल.”

कॅमेऱ्याची कळ दाबून काका कुठेसे गेले. दिवा लुकलुकत राहिला. तेवढ्यात पडद्याच्या फटीतून एक हात आला आणि माझ्या खांद्यावर बसला. जड होता, उबदार होता. करंगळीचं नख फ्रॉकच्या झालरीत जरासं अडकलं. खटका वाजला आणि हात गेला. मी शब्द पाळला, मागे बघितलं नाही. नंतर पडद्याआड जाऊन पाहिलं, तर तिथे एक बादली होती, एक मोडका पंखा होता आणि मागच्या बाजूला दार होतं. मला फारसं नवल वाटलं नाही. बाप येतात आणि जातात, हे आमच्या गावात एवढ्याशा पोरांनाही ठाऊक असतं. माझे जरा लवकर गेले, इतकंच.

त्यानंतर वर्षभर मी त्या हाताची वाट बघितली. शाळेत बाईंनी शाबासकी दिली, तर ती हाताला सांगायची. कुणी मारलं, तर तेही त्यालाच. येताना दप्तराचा पट्टा खांद्यावर रुतायचा तेव्हा तो सरकवून मी बरोब्बर त्या जागेवर घ्यायची, कारण तेवढ्यापुरतं ते वजन परत आल्यासारखं वाटायचं. शुक्रवारी शेजारच्या घरी अब्बांचा फोन यायचा. ते दर वेळी विचारायचे, “मना वळखशील ना गो?” मला रागच यायचा. “मी तुमचा हात वळखते,” असं मी एकदा ठणकावून सांगितलं. ते हसले. अम्मी शेजारी उभी होती, तीही हसली. दोघांनाही ते पोराचं काहीतरी बोलणं वाटलं.

आणि एक दिवस जीप आली. खोकी उतरली, कुंपणाशी माणसं जमली, सगळे गप्प झाले. “जा, तुजा अब्बा हाय.” मी गेले. रडले नाही, लपले नाही, सरळ चालत गेले. अब्बा गुडघ्यांवर बसले. चेहरा फोटोतलाच होता, फक्त वाळलेला आणि केस मागे गेलेला. अम्मीचा जीव भांड्यात पडला असणार. बायका तिच्याकडे बघून हसायला लागल्याही होत्या. मी वळून अब्बांकडे पाठ केली, त्यांचा हात धरला, उचलला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. मग मान वळवून बघितला. सिमेंटच्या कामाने फुटलेला हात. बोटांच्या पेरांवर काळ्या भेगा, नखं मुळापर्यंत कापलेली, मनगट मोकळं.

“ह्यो हात अब्बाचा नाय,” मी म्हणाले. मोठ्याने नाही, पण सगळे गप्प होते म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

कुणीतरी हसलं. अब्बा पण हसले, आणि त्यांनी हात काढून खिशात घातला. पुढे कितीतरी दिवस ते मला काही द्यायचं असलं की माझ्यासमोर जमिनीवर ठेवायचे. चॉकलेटचं पाकीट, डोळे मिटणारी बाहुली, रंगीत पेन्सिली. ठेवायचे आणि हात मागे घ्यायचे. मी वस्तू घ्यायची आणि पळायची. आज ते आठवलं की मला त्या पोरीला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. पण तिचीही काही चूक नव्हती. तिला वर्षभर ज्याची ओढ लागली होती ते तिला मिळालं नव्हतं आणि ते कुणाला सांगायचं हे तिला माहीत नव्हतं.

अम्मीने अब्बांना कपाट उघडून दाखवलं. मी उंबऱ्यात उभी होते.

“कोट बरा हाय,” ते म्हणाले. मग म्हणाले, “घर पन चांगला बांधलास.” आणि शेवटी, “हात कोनाचा?”

“स्टुडिओवाल्याचा.”

त्यांनी कपाटाचं दार हळूच लावलं. मला मात्र ते उत्तर कळूनही कळलं नाही. अब्बांचा हात स्टुडिओवाल्याकडे राहिलाय, असंच काहीसं मी समजले.

रजेचे थोडे दिवस उरले तेव्हा अब्बा म्हणाले, “चल बाय, रत्नागिरीस जाव.” जिना चढून आम्ही वर गेलो. काका कॉम्प्युटरपुढे बसले होते. माऊसवर त्यांचा हात होता. स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, करंगळीचं नख. मी बघतच राहिले. मग असा संताप आला की त्या हाताला चावावं. वर्षभर मी शाळेतल्या गोष्टी या माणसाच्या हाताला सांगत होते!

अब्बांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काकांना म्हणाले, “फोटोतला हात तेवडा बदलून द्या. माजा लावा.” काका ओशाळले. “देतो की, त्यात काय मोठंसं,” म्हणत उठले.

पुन्हा तोच पडदा, तेच स्टूल. अब्बा पडद्यामागे गेले. फटीतून हात आला तो मला दिसला नाही, पण खांद्यावर काहीच पडलं नाही.

“टेकवा की हो,” कॅमेऱ्यामागून काका म्हणाले, “हवेतच आहे.”

तरी काही नाही. या वेळी मागे बघू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. मी बघितलं. हात माझ्या खांद्याच्या जरासा वर थांबला होता. फटीतून अब्बांचा चेहरा दिसत होता. मी झटकून टाकेन, असं भय त्यांना वाटत होतं. एवढा मोठा माणूस मला भ्यायला होता. मी पुन्हा समोर बघितलं आणि खांदा वर केला. भेगा फ्रॉकच्या कापडाला खरखर अडकल्या. खटका वाजला तरी त्यांनी हात काढला नाही.

उरलेले दिवस तो हात माझ्या खांद्यावरच होता. दुकानात जाताना, विहिरीवर, जोत्यावर बसून कोंबड्या हुसकताना. मग जीप आली आणि ते गेले.

फोटो त्यांच्या माघारी तयार झाला. अम्मी आणि मी आणायला गेलो. काकांनी मन लावून काम केलं होतं. “भाभी, हात अगदी साफ करून दिलाय,” ते अभिमानाने म्हणाले. “एक डाग ठेवला नाही.” अम्मीने त्यांचे आभार मानले.

घरी येऊन तिने जुन्या फोटोच्या जागी नवा लावला. मी कपाट उघडलं. बंगला तोच, कारंजं तेच, आणि माझ्या खांद्यावर एक गोरा, गुळगुळीत, काळ्या कोटाला शोभेलसा हात. एकही भेग नाही. तो स्टुडिओवाल्याचा नव्हता आणि अब्बांचाही नव्हता. जीप गेली तेव्हा मी रडले नव्हते, आता कपाटात डोकं घालून रडले. मग दप्तरातून बॉलपेन काढलं आणि फोटोवर भेगा काढायला लागले. त्या तुळतुळीत कागदावर पेन धरेना. मी दाबून दाबून ओढल्या, पहिल्या बोटावर एक, मधल्यावर दोन, आणि मग मला पुढचं आठवेना.

अम्मी मागे येऊन उभी राहिली. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरलं. ती खाली बसली. तिने फोटो पाहिला, मग माझ्या हातातून पेन घेतलं.

“अंगठ्याच्या बुडाशी मोठी व्हती,” ती म्हणाली, आणि तिने ती काढली. “आनि हितं जुना डाग. जोता बांदताना हातावर चिरा पडलेला, तवाचा. तू व्हायच्या आदी.”

ती पेन दाबून काढत राहिली. मला ठाऊक होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त.