जमिलाबीची सिनेमातली बाही

येरमाळ्यात बायकांचे झंपर शिवायचे ते जमिलाबीनं. साधा गळा, सरळ बाही. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग धोंडप्पाच्या हॉटेलात रेडिओ आला, आणि पाण्याला जाणाऱ्या पोरींची पावलं तिथं रेंगाळायला लागली.

सोलापूरहून नवी नांदायला आलेली इरम्मा एक दिवस जमिलाबीच्या ओसरीवर येऊन बसली. "मावशी, तिकडं नवा सिनेमा लागलाय म्हनं. माझ्या भनी त्यातल्यासारखी बाही शिवायल्यात. म्या काय अजून बघितली न्हाय. तुमाला येती का?"

जमिलाबीनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. पण ओसरीवर आणखी तिघी होत्या आणि चौघीही तिच्या तोंडाकडं बघत होत्या. सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "न यायला काय? बहिणीकडं गेल्ते तवाच पाह्यला म्या."

दुपारभर ती कापडापुढं नुसतीच बसली. परसात डाळिंब फुललं होतं. तिनं कात्री उचलली. डाळिंबाच्या फुलासारखी खांद्यावर फुगीर, दंडावर आवळलेली, कडेला चुण्यांची झालर अशी बाही झाली.

संक्रांतीच्या वाणाला निम्मं गाव ती बाही घालून आलं. उरलेलं निम्मं दुसऱ्या दिवशी कापड घेऊन जमिलाबीच्या दारात.

चैतात येडाईच्या यात्रेला सिनेमाचा तंबू आला आणि बैलगाडीवरचा भोंगा गावभर ओरडत फिरला. सिनेमा तोच. आता खरी बाही अख्ख्या गावासमोर पडद्यावर येणार होती.

"माझं डोकं दुखायलंय," जमिलाबी म्हणाली.

"तंबूत बसल्यावर ऱ्हातंय," म्हणत शेजारच्या तुळजाबाईनं तिला हाताला धरून नेलं.

बाया-पुरुषांमधल्या कापडी कनातीच्या अलीकडं बायका दाटीवाटीनं बसल्या. पडदा उजळला, नटी झाडामागून गात आली. तिची बाही साधी होती. कोपरापर्यंत सरळ, जमिलाबी आजवर शिवत आली तशीच.

अख्ख्या रांगेतल्या बायका आपापल्या बाहीकडं बघायला लागल्या. जमिलाबीनं पदर तोंडावर ओढला.

"काय गं बाई," तुळजाबाई सावकाश म्हणाली, "एवढी मोठी नटी, आन् हिला धड शिवनारी मिळंना व्हय?"

रांगभर खसखस पिकली. जमिलाबी हळूच म्हणाली, "तुळजाबाई, म्या पाह्यलाच न्हवता ओ सिनेमा."

"ठाव हाय. बहिणीच्या बाळंतपणाला गेल्ता तुमी, तान्हं टाकून सिनेमाला कशा जाचाल? पन बाही लई झ्याक जमली हुती. मग कशाला इचारायचं?"

इरम्मानं फुगीर बाही आणखी वर चढवली. "माझ्या भनींला बी हीच पाठवलीया म्या. आता त्या इचारत्यात, आमच्याकडं कवा लागनार ह्या बाहीचा सिनेमा?"

जमिलाबीला हसू आवरेना. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा कळंबकडच्या दोघी वाकून तुळजाबाईचा दंड न्याहाळत होत्या. "अक्का, ह्यात तर न्हाय ही बाही. कंच्या सिनेमातली?"

तुळजाबाईनं अंगावरचा पदर नीट केला.

"ह्याच्या फुडचा हाय तो," ती म्हणाली. "तुमच्याकडं अजून आला न्हाय का?"